कलागुरू नंदलाल बोस

बिहार राज्यातील मुंगेर जिल्ह्यात हवेली खरगपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी 3 डिसेंबर 1882 रोजी नंदलाल बोस यांचा जन्म झाला. घराणे मूळचे बंगाली. परंतु वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानाच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब बिहारमध्ये राहत असे. आई क्षेत्रमणीदेवी मोठ्या हौशी होत्या. मुलांसाठी हाताशी येईल त्या वस्तूपासून बाहुल्या आणि खेळणी करण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. नंदलालांना कलेचा पहिला धडा मिळाला तो या माउलीच्या बोटांकडे पाहता पाहता.

दुसरा धडा त्यांना गावातील कुंभारांनी दिला. फिरत्या चाकावर मातीचा गोळा ठेवावा, ओल्या बोटांनी तो किंचित दाबावा, आणि पाहता पाहता त्यातून सुबक मडके उभे राहावे, हा चमत्कार पाहण्यात या मुलाचे भान हरपून जाई. सणासुदीच्या दिवसांत कारागीर देवदेवतांच्या मूर्ती घडवीत. नंदलालही माती मळून तशा मूर्ती करू लागले. पूजेचा मांडव सजवायचा असला की त्यांच्या उत्साहाला भरते येई. कुंभाराचे घर हीच आपली पहिली शाळा आहे, याची त्या बालकाला त्या वेळी कल्पनाही नव्हती.

वयाच्या सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना कलकत्त्यास, म्हणजे आजच्या कोलकात्यास, पाठवण्यात आले. 1902 साली ते शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढल्याच वर्षी सुधीरादेवींशी त्यांचा विवाह झाला. आता मुलाने पदवी मिळवावी, चांगली नोकरी धरावी आणि संसार सुखाने करावा, अशी वडीलधाऱ्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु नंदलालांचे चित्त महाविद्यालयाच्या अभ्यासात रमेना. पाठ्यपुस्तकांच्या समासांत चित्रे उमटू लागली. परीक्षांत अपयश आले. एक महाविद्यालय सोडून दुसरे धरले, विषय बदलून वाणिज्यशाखेचा अभ्यासही करून पाहिला. परंतु फळ तेच. घरातील माणसे चिंतेत पडली. चित्रकलेवर पोट भरेल, असे त्या काळी कोणासच वाटत नसे, आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता. नंदलाल आळशी नव्हते की मंदबुद्धी नव्हते. त्यांची वाट निराळी होती, एवढेच. अखेर पुष्कळ मनधरणी केल्यावर घरच्यांनी अनुमती दिली आणि 1905 च्या सुमारास नंदलाल कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले.

त्या कलाशाळेत त्या वेळी एक मोठे वादळ घोंगावत होते. आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि कलकत्ता, मुंबई, मद्रास या शहरांतील सरकारी कलाशाळांत शिक्षणही युरोपीय पद्धतीचे दिले जाई. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरमध्ये केलेल्या प्रतिकृती समोर मांडायच्या आणि त्यांचे हुबेहूब रेखाटन करायचे, असा परिपाठ होता. आपल्या देशातही चित्रकलेची थोर परंपरा आहे, हे विद्यार्थ्यांच्या कानी क्वचितच पडे. कलकत्त्याच्या शाळेचे प्राचार्य अर्नेस्ट हॅवेल हे स्वतः इंग्रज. परंतु त्यांना ही गोष्ट मनापासून खटकली. युरोपीय चित्रांच्या सामान्य नकला त्यांनी शाळेच्या संग्रहालयातून काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी मोगल व इतर भारतीय शैलींची चित्रे आणली. नवलाची गोष्ट अशी, की याला विरोध झाला तो आपल्याच लोकांचा. आपल्याला कमी प्रतीचे शिक्षण देण्याचा हा डाव आहे, अशी शंका पुष्कळांच्या मनात आली. हॅवेलसाहेबांच्या पाठीशी जे उभे राहिले, त्यांत अवनींद्रनाथ ठाकूर हे प्रमुख होते. रवींद्रनाथ ठाकूर यांचे ते पुतणे. पाश्चात्त्य चित्रकला त्यांनी शिकून घेतली होती; कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांकडून पातळ रंगांचे थर देऊन चित्र धुक्यासारखे तरल करण्याची पद्धतीही त्यांनी पाहिली होती. हे सारे पचवून ते भारतीय चित्रकलेचा नवा मार्ग शोधत होते.

अवनींद्रनाथांची चित्रे पाहून नंदलालांनी मनोमन त्यांना आधीच गुरू मानले होते. आता त्यांच्या चरणांशी बसण्याचे भाग्य लाभले. अवनींद्रनाथांची शिकवण्याची रीत आगळी होती. विद्यार्थ्याच्या हातातील कुंचला घेऊन ते त्याचे चित्र सुधारीत बसत नसत. विद्यार्थ्यांना रामायण-महाभारतातील कथा ऐकवण्याची त्यांनी व्यवस्था केली होती. कथा ऐकावी, ती मनात मुरू द्यावी आणि मग आपल्या मनाला दिसेल तसे चित्र काढावे, असा तेथील क्रम होता.

या गुरुशिष्यांची एक गोष्ट फार उद्बोधक आहे. शंकराच्या प्राप्तीसाठी तप करणाऱ्या उमेचे चित्र नंदलालांनी काढले होते. अवनींद्रनाथांना ते फार उदास वाटले. थोडे रंग भरावेत, उमेला काहीतरी साजशृंगार करावा, असे त्यांनी सुचवले. शिष्याने मान डोलावली आणि तो चित्र घेऊन घरी गेला. रात्री मात्र गुरूंच्या डोळ्याला डोळा लागेना. जी सर्व सुखांचा त्याग करून तपाला बसली आहे, तिच्या अंगावर अलंकार कसे शोभतील? शिष्याने पाहिलेली उमाच खरी, आपली सूचना चुकीची, हे त्यांना उमगले. सकाळ होताच ते धावत नंदलालांच्या घरी गेले. नंदलाल चित्रासमोर बसले होते आणि आता रंग लावणार, एवढ्यात गुरूंनी त्यांना थांबवले. गुरूपुढे नम्र असणारा शिष्य आणि शिष्यापुढे आपली चूक कबूल करणारा गुरू, या दोघांत थोर कोण म्हणावे? नंदलाल पुढे स्वतः गुरू झाले, तेव्हा हा धडा ते विसरले नाहीत.

1908 साली कलकत्त्याच्या एका प्रदर्शनात, शिव आणि सती यांच्या कथेवरील चित्रासाठी नंदलालांना पाचशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. संसारी माणसाला ती अनेक कामांसाठी हवीच होती. परंतु नंदलालांनी त्या पैशातून देशाटन केले. ठिकठिकाणची मंदिरे, शिल्पे आणि जुन्या वास्तू त्यांनी डोळे भरून पाहिल्या. भारताची कला पुस्तकांत शोधण्यापेक्षा तिच्या घरी जाऊन भेटावी, असे त्यांना वाटले असावे.

तिचे सर्वांत वैभवशाली घर त्यांना अजिंठ्यास दिसले. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, सह्याद्रीच्या कड्यात कोरलेली ही लेणी शतकानुशतके रानात दडून राहिली होती. 1819 साली ती पुन्हा प्रकाशात आली. भिंतींवरील चित्रे काळाच्या ओघात झिजत चालली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 1872 पासून अनेक वर्षे खपून या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. परंतु त्यांतील पुष्कळशा लंडनमध्ये 1885 साली आगीत जळून गेल्या. म्हणून लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषीने प्रतिकृती करण्याचे काम पुन्हा हाती घेतले. नंदलाल आणि त्यांचे सहकारी या कामी जावेत, असा आग्रह भगिनी निवेदिता यांनी धरला. जन्माने आयरिश असलेल्या आणि स्वामी विवेकानंदांच्या शिष्या झालेल्या निवेदितांचा या तरुण चित्रकारावर फार लोभ होता. 1909 च्या हिवाळ्यात नंदलाल अजिंठ्यास पोहोचले.

लेण्यांत उजेड अंधुक, भिंती काळवंडलेल्या, रंगांचे पोपडे जागोजागी गळालेले. अशा ठिकाणी तासन् तास उभे राहून एकेक रेषा निरखायची आणि ती कागदावर उतरवायची, हे काम सोपे नव्हते. परंतु या कष्टांतून नंदलालांना जे मिळाले, ते कोणत्याही शाळेत मिळाले नसते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडकावर आधी चिखलमातीचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी अशा साध्यासुध्या रंगांनी चित्रे काढली. हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी त्यांनी रंगवला आणि त्याच भिंतींवर हत्ती, हंस, माकडे, सेवक आणि दासीही तितक्याच ममतेने रंगवल्या. या कलावंतांपैकी कोणीही आपली कीर्ती व्हावी म्हणून त्या चित्रांवर नाव कोरून ठेवलेले दिसत नाही. एका वळणदार रेषेत देहाचा डौल आणि मनातली करुणा दोन्ही कशी सामावतात, हे नंदलालांनी अजिंठ्यास पाहिले आणि त्यांच्या स्वतःच्या रेषेत नवे बळ आले. पुढे 1921 साली त्यांनी ग्वाल्हेर संस्थानातील बाघ येथील लेण्यांतील चित्रांच्याही प्रतिकृती केल्या.

परंतु जुन्याची नुसती नक्कल करीत राहणे म्हणजे कला नव्हे. हे तत्त्व त्यांना ओकाकुरा या जपानी विद्वानाने समजावून दिले. ओकाकुरांनी आगपेटीतील तीन काड्या घेऊन त्यांचा त्रिकोण मांडला. एक काडी निसर्गाची, दुसरी परंपरेची आणि तिसरी कलावंताच्या स्वतःच्या प्रतिभेची. यांतील एक काडी काढली तरी त्रिकोण मोडतो. निसर्गाकडे पाठ फिरवली तर कला निर्जीव होते, परंपरा सोडली तर ती पोरकी होते आणि स्वतःची प्रतिभा नसेल तर ती केवळ उसनवारी ठरते. नंदलालांनी हा त्रिकोण जन्मभर मनात जपला.

1919 साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवनाची स्थापना केली. नंदलालांना त्यांनी तेथे बोलावून घेतले आणि 1922 पासून 1951 पर्यंत नंदलालच कलाभवनाचे प्रमुख होते. विद्यार्थी त्यांना आदराने मास्टरमोशाय म्हणत. येथे नंदबाबूंनी विद्यार्थ्यांना चार भिंतींत कोंडून ठेवले नाही. ते त्यांना आसपासच्या संथाळांच्या वाड्यांकडे नेत. शेणामातीने सारवलेली घरे, ताडाची झाडे, पावसाळी ढग, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, चरणाऱ्या म्हशी, हेच त्यांचे खरे पाठ्यपुस्तक. नंदबाबूंच्या खिशात नेहमी कोरी कार्डे असत. वाटेत एखादे रोपटे, एखादा किडा किंवा एखादा वाटसरू दिसला, की त्याचे चित्र कार्डावर उतरे आणि ते कार्ड कोणातरी मित्राला वा विद्यार्थ्याला जाऊन पोहोचे.

शिकवता शिकवता ते स्वतःही शिकत राहिले. 1924 साली रवींद्रनाथांबरोबर त्यांनी चीन आणि जपान या देशांचा प्रवास केला आणि तेथील चित्रकारांची कुंचल्यावरील हुकमत पाहिली. भिंतीवर ओल्या गिलाव्यात चित्र रंगवण्याची जयपुरी रीत समजून घ्यावयाची होती, तेव्हा त्यांनी जयपूरहून नरसिंहलाल नावाच्या कारागिराला शांतिनिकेतनात बोलावले. कलाभवनाचे प्रमुख त्या कारागिराचे विद्यार्थी झाले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बंगालमधील स्त्रिया अंगणात तांदळाच्या पिठाने जी अल्पना काढतात, तिलाही त्यांनी कलाभवनात मानाचे स्थान दिले. कालीघाटच्या बाजारात यात्रेकरूंसाठी झरझर पट रंगवणाऱ्या पटुआंची सोपी, जोरकस रेषा त्यांनी आपलीशी केली. लहान मुलांना वाचन शिकवण्यासाठी रवींद्रनाथांनी लिहिलेले ‘सहज पाठ’ हे पुस्तक 1930 साली निघाले. त्यातील चित्रे नंदबाबूंची आहेत. जगद्विख्यात कवी आणि मोठा चित्रकार या दोघांनाही बालवाचकांसाठी काम करणे क्षुल्लक वाटले नाही.

त्याच वर्षी महात्मा गांधींनी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीयात्रा काढली. हातात काठी घेऊन निश्चयाने पाऊल टाकणाऱ्या गांधीजींचे चित्र नंदबाबूंनी लिनोच्या पत्र्यावर कोरून छापले. काळ्या पृष्ठभागावर मोजक्या पांढऱ्या रेषा, एवढेच ते चित्र. परंतु त्या काठीत आणि त्या पावलात साऱ्या देशाचा निर्धार प्रकट झाला.

कला ही मूठभर श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नाही, हा विचार गांधीजींच्या सहवासात नंदबाबूंच्या मनात अधिक दृढ झाला. त्याची कसोटी लागली ती आपल्या खानदेशात. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे, भरायचे होते. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. अधिवेशनाच्या नगराची रचना आणि सजावट नंदबाबूंनी करावी, अशी गांधीजींची इच्छा होती. आपण चित्रकार आहोत, इमारती बांधण्याची विद्या आपल्याला अवगत नाही, असे नंदबाबूंनी नम्रपणे कळवून पाहिले. गांधीजींनी मात्र हट्ट सोडला नाही. अट एकच होती. खेड्यात जे मिळते त्यातूनच हे नगर उभे राहिले पाहिजे.

नंदबाबू कामास लागले. बांबू, लाकूड आणि गवत हाच त्यांचा संगमरवर झाला. या साध्या सामग्रीतून टिळकनगर उभे राहिले. त्याच्या कमानी आणि मंडप पाहून गांधीजी प्रसन्न झाले आणि अधिवेशनातील भाषणात त्यांनी नंदबाबूंचा गौरव केला. ज्या अजिंठ्याने नंदबाबूंना तरुणपणी रेषा शिकवली, ते अजिंठा फैजपूरपासून फार दूर नाही. सत्तावीस वर्षांनी त्याच मुलखात त्यांनी आपली विद्या खेडुतांच्या सेवेला वाहिली.

1938 च्या फेब्रुवारीत गुजरातमध्ये तापीच्या काठी हरिपुरा येथे काँग्रेसचे पुढील ग्रामीण अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. या वेळी नंदबाबूंनी हातकागदावर मातीच्या रंगांनी ऐंशीहून अधिक चित्रे स्वतः रंगवली आणि शिष्यांनी त्यांवरून प्रती तयार केल्या. सुमारे चारशे चित्रे प्रवेशद्वारांवर आणि मंडपांवर झळकली. त्यांत राजे नव्हते आणि राण्याही नव्हत्या. कापूस पिंजणारा पिंजारी, सुतार, शिंपी, ढोल वाजवणारा, धान्य कांडणारी स्त्री, बाळाला जवळ घेतलेली आई, अशी नित्याची माणसे त्यांत होती. कुंभारही होता. ज्याच्या चाकाजवळ बसून बालपणी माती मळली, त्याला नंदबाबूंनी राष्ट्रीय सभेच्या दारात मानाने बसवले. ज्यांनी कधी चित्रांच्या प्रदर्शनाचे तोंड पाहिले नव्हते, असे शेतकरी ती चित्रे पाहत आणि त्यांत त्यांना आपलीच रूपे भेटत.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या इच्छेवरून तेथील कीर्तिमंदिराच्या भिंतींवर त्यांनी गंगावतरण, मीराबाईचे जीवन आणि महाभारतातील युद्ध असे विषय रंगवले. 1939 साली सुरू झालेले हे काम 1946 पर्यंत चालले. अजिंठ्याने दिलेले भित्तिचित्रांचे वाण अशा रीतीने नव्या भिंतींवर उतरले.

देश स्वतंत्र झाला. भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सुंदर अक्षरांत लिहिण्याचे काम प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले आणि तिची पाने सजवण्याचे काम नंदबाबू आणि त्यांच्या शिष्यांकडे आले. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैल, ऋषींचा आश्रम, भगवान बुद्ध, सम्राट अकबर, छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह, झाशीची राणी लक्ष्मीबाई, दांडीयात्रेतील गांधीजी, हिमालय, वाळवंट आणि समुद्र अशा चित्रांतून भारताचा इतिहास आणि भूगोल त्या पानांवर अवतरला. 24 जानेवारी 1950 रोजी संविधानसभेच्या सदस्यांनी या प्रतीवर स्वाक्षऱ्या केल्या. महाविद्यालयाच्या परीक्षेत ज्याला पुनःपुन्हा अपयश आले, त्या विद्यार्थ्याची कला राष्ट्राच्या सर्वश्रेष्ठ ग्रंथाचे भूषण ठरली.

1954 साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा बहुमान दिला. 16 एप्रिल 1966 रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या सुमारे सात हजार कलाकृती जतन केलेल्या आहेत. रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्यासारखे थोर कलावंत, विनायक मासोजी हे मराठी चित्रकार आणि पुढे चित्रपटकलेत जगभर नाव मिळवणारे सत्यजित राय हे सारे त्यांचे विद्यार्थी.

नंदबाबूंना गुरू किती लाभले, याची मोजदाद करू लागलो तर ती सहजासहजी संपत नाही. आई, कुंभार, अवनींद्रनाथ, अजिंठ्याचे अनाम चित्रकार, जपानी विद्वान, जयपूरचा कारागीर, अंगणात अल्पना काढणारी गृहिणी, या सर्वांपुढे त्यांनी सारख्याच आदराने हात जोडले. जे घेतले ते त्यांनी आपल्यापाशी साठवून ठेवले नाही. विद्यार्थ्यांच्या ओंजळीत आणि खेड्यातील माणसांच्या दारात ते नेऊन ठेवले. विद्या घ्यावी कशी आणि द्यावी कशी, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने नंदबाबूंच्या जीवनाकडे पाहावे.